साडेतीन एकर, त्यात दोन एकर द्राक्ष: छोटा ट्रॅक्टर नवा घ्यावा की जुना?

प्रश्न थोडक्यात असा: वाटणीनंतर तासगाव भागात साडेतीन एकर रान वाट्याला आलं. दोन एकर द्राक्षबाग, एक एकर ऊस, उरलेल्या अर्ध्या एकरात भाजीपाला. ट्रॅक्टर थोरल्या भावाकडे गेला, ५०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारा फवारणी पंप, धाकट्याकडे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याकडे आला. आता २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह नवा छोटा ट्रॅक्टर विमा-पासिंगसह ५ लाख ४० हजारांना मिळतोय. त्याच ताकदीचा, २०१९ च्या पासिंगचा, मीटरवर १,४५० तास दाखवणारा जुना २ लाख ८५ हजारांना सांगितलाय. दोन्हीला थोडं कर्ज लागणार. कोणता घ्यावा?

मी बावीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय. पहिली नऊ वर्षं एका एजन्सीच्या वर्कशॉपला होतो, नंतर स्वतःचं गॅरेज टाकलं. नवा ट्रॅक्टर खपला तर मला कुणी कमिशन देत नाही आणि जुना घेऊन तुम्ही फसलात तर तो येणार माझ्यासारख्याच्याच दारात. म्हणजे धंद्याच्या हिशेबाने मी ‘जुना घ्या’ म्हणायला पाहिजे. हे आधी सांगून ठेवतो, मग पुढचं वाचा.

आधी वही घ्या आणि वर्षाचे तास मांडा. लोक एकर सांगतात, पण ट्रॅक्टर झिजतो तासांवर. तुमचं मी अंदाजाने मांडतो, चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा. दोन एकर बागेत एप्रिलच्या खरड छाटणीपासून माल निघेपर्यंत ब्लोअर किती वेळा फिरतो? माझ्या गिऱ्हाइकांत साठ-सत्तरच्या खाली कुणी नाही, पाऊस लांबला की त्याहून जास्त. पाणी भरण्यासकट एका फवारणीला सव्वा तास धरला, तर सत्तर फवारण्यांचे ८८ तास झाले. नऊ फुटी ओळी असतील तर एकरात जवळपास पंधराशे मीटर चालावं लागतं. रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं अवजार, लावून ताशी अडीच किलोमीटरने गेलात तर वळणं धरून पाऊण तास, दोन एकराला दीड. वर्षात पाच वेळा रोटर मारला तर आठ तास. उसाची सरी, बाळबांधणी, भरणी मिळून आठ. भाजीपाल्याला दहा. शेणखत, कॅरेट, खताच्या गोण्या, बाजारहाट यांचे पंचवीस. सगळं मिळून १४० तास. उसाची नांगरट यात धरलेली नाही, ती पन्नास एचपीवाल्याला भाड्याने सांगा. २४ एचपीला पलटी नांगर लावून काळ्या रानात घालणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचे क्लचही माहीत आहेत.

आता हा १४० चा आकडा घेऊन जुन्या ट्रॅक्टरकडे बघा. त्याने सहा-सात वर्षांत जेवढे तास केले तेवढे करायला तुम्हाला दहा वर्षं लागतील. वेळेवर ऑइल-फिल्टर बदललेलं इंजिन चार-पाच हजार तासांच्या आत उघडायची वेळ येऊ नये. म्हणजे मीटर खरं असेल, तर इंजिनापुरता तो जुना तुम्हाला पुरून उरतो. आणि याच हिशेबाने नवा घेतलात तर तो तुमच्याकडे झिजून जाणारच नाही. छोट्या रानातला ट्रॅक्टर गंजून, रबर वाळून आणि बॅटरी बसून म्हातारा होतो. त्यामुळे ‘जास्त टिकेल म्हणून नवा घेतो’ हे कारण तीस एकरवाल्याला शोभतं, तुम्हाला नाही.

मग तुम्ही नवा घ्यावा असं काही कारण आहे का? एक आहे, आणि ते ब्लोअरचं आहे.

ऑक्टोबरची फळछाटणी झाली, फूट निघाली, घड दिसायला लागले आणि रात्री पाऊस पडून गेला. सकाळी पानं ओली आहेत. त्या दिवशी दुपारच्या आत फवारा गेला नाही तर डाऊनी हा बुरशीचा रोग घडात शिरतो. तो दिवस फक्त तुमचाच नसतो, सगळ्या गावाचा असतो. भाड्याचा ब्लोअर त्या सकाळी सोन्याच्या भावाने मागितला तरी मिळत नाही. ऊस-भाजीपाल्याच्या कामात ट्रॅक्टर दोन दिवस बंद पडला तर शिव्या द्यायच्या आणि थांबायचं, एवढंच होतं. बागेत तेच दोन दिवस वर्षाच्या उत्पन्नावर येतात. म्हणून जुना घ्यायचा असेल तर त्याच्यामागे दुसरी सोय हवी. इथे एक खासगी प्रश्न विचारतो, राग मानू नका: भावाशी बोलणं आहे का? वाटणीनंतर बऱ्याच घरांत नसतं. पण अडीनडीच्या वेळी ‘दादा, तासभर ट्रॅक्टर दे’ असं म्हणता येत असेल, तर ती सोय एका वर्षाच्या व्याजापेक्षा जास्त किमतीची आहे आणि जुना घ्यायला तुम्ही मोकळे आहात. नसेल, तर गावात एका तरी ब्लोअरवाल्याशी हंगामाच्या आधी पक्कं बोलून ठेवा.

आता पैशांचं. नव्याला २ लाख ४० हजार हातचे घालून ३ लाख कर्ज काढलं, व्याज १२ टक्के, पाच वर्षं, सहामाही हप्ते. हप्ता बसतो साधारण ४०,७६० रुपये. दहा हप्त्यांत ४ लाख ७ हजार जातात, म्हणजे व्याज १ लाख ७ हजार. जुन्याला १ लाख ३५ हजार हातचे आणि दीड लाख कर्ज. जुन्या ट्रॅक्टरला फायनान्सवाले व्याज चढं लावतात आणि मुदत कमी देतात. १८ टक्के आणि तीन वर्षं धरा. सहामाही हप्ता ३३,४४० रुपये, सहा हप्त्यांचे २ लाखांच्या थोडे वर, व्याज ५० हजार. गंमत बघा, कर्ज निम्मं आहे पण हप्ता फक्त सात हजारांनी कमी. जुना ‘स्वस्तात’ घेतल्याच्या आनंदात पहिली तीन वर्षं ओढाताण तेवढीच होते. फरक एवढाच, की ती दोन वर्षं आधी संपते.

सात वर्षांनी विकायचा असं धरलं, तर आजच्या बाजाराच्या अंदाजाने नव्याचे सव्वादोन लाख यावेत. त्याने किमतीत ३ लाख १५ हजार खाल्ले, म्हणजे वर्षाला ४५ हजार. जुन्यावर या सात वर्षांत क्लच, टायर, बॅटरी, नोझल, सील यांचे नव्यापेक्षा ७० हजार जास्त जातील असं धरा. विकताना तो तेरा-चौदा वर्षांचा असेल, त्याचे १ लाख ३० हजार येतील. वर्षाला ३२ हजार. दोन्हींत व्याज मिळवलं की नवा वर्षाला साधारण ६० हजारांना पडतो आणि जुना ३९ हजारांना. तुमच्या १४० तासांनी भागलं तर डिझेल सोडून तासाला ४३० विरुद्ध २८० रुपये. डिझेल दोघांनाही सारखंच लागतं, या ताकदीला तासाला अडीच-तीन लिटर.

हे आकडे माझे, तुमच्याकडचे वेगळे निघतील. पण फरक वर्षाला वीस हजारांच्या आसपास येतो, हे लक्षात ठेवा. डाऊनीचा एक दिवस चुकवल्याचा भुर्दंड वीस हजारांत भागत नाही. आणि दुसरीकडे, ज्याच्याकडे बाग नाही, फक्त ऊस-सोयाबीन-भाजीपाला आहे, त्याने हे वीस हजार का घालवावेत?

यात अनुदान आलं की चित्र पालटतं. कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान नव्या ट्रॅक्टरलाच मिळतं. साडेतीन एकर म्हणजे १.४ हेक्टर, दोन हेक्टरच्या आत, म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाखापर्यंत, इतरांना ४० टक्के, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. कमी एचपीच्या ट्रॅक्टरला मर्यादा याहून कमी असते, तेव्हा तुम्ही बघितलेल्या मॉडेलला नेमकं किती बसतं हे तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्या. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा, त्याला शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सव्वा लाख मिळाले तर नव्याचा वर्षाचा खर्च ६० वरून ४२-४३ हजारांवर येतो आणि जुन्याच्या जवळपास बरोबरीला बसतो. मग जुना बघायलाही जाऊ नका.

पण कृषी विभागाची पूर्वसंमती हातात येण्याआधी ट्रॅक्टर उचलू नका. ‘आज बुकिंग करा, अनुदानाचं आपण बघून घेऊ’ असं सांगणारा सेल्समन अनुदानाचं काही बघत नसतो. आधीच्या तारखेचं बिल असलं की फाईल तिथेच अडकते. दुसरं म्हणजे पैसे खरेदीनंतर खात्यावर येतात, तेव्हा सुरुवातीला पूर्ण किंमत तुम्हालाच उभी करावी लागते. वरच्या हिशेबात म्हणूनच मी कर्ज कमी धरलेलं नाही.

जीएसटीचंही मनात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५. पाच लाख मूळ किमतीला ३५ हजारांचा फरक पडला. नव्याच्या किमती उतरल्या, पण जुन्याच्या मालकाच्या डोक्यात अजून आपण मोजलेला भाव असतो. ‘मी एवढ्याला घेतला होता’ हे वाक्य आलं की समजायचं, इथे भाव मोडायला जागा आहे.

मोठ्या ट्रॅक्टरला नवा-जुना हा तंत्राचाही प्रश्न झालाय. पन्नास एचपीच्या वरच्यांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे प्रदूषणाचे नियम लागले आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं. पन्नासच्या खालच्यांना ते नियम तेव्हा लागले नाहीत. त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरमध्ये नवा आणि सात वर्षांचा यांत मिस्त्रीच्या दृष्टीने फार अंतर नाही. डिझेल पंप तोच, नोझल तशीच, पान्याने खुलतात. ही गोष्ट जुन्याच्या बाजूने जाते.

आता जुना बघायचा कसा, यावर जरा वेळ घालवतो. मी स्वतः पोळलोय. एजन्सी सोडली त्या वर्षी घरच्या दीड एकरासाठी एक जुना पंधरा एचपीचा घेतला, संध्याकाळी साडेसहाला, चहा पिऊन. ट्रॅक्टर चालूच होता, मालक नुकताच रानातून आला म्हणाला. आवाज गोड, धूर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, इंजिन उचलेना. कॉम्प्रेशन गेलं होतं. गरम असताना तो चालायचा आणि म्हणूनच मला गरम दाखवला होता. नऊ वर्षं वर्कशॉपला काढलेला माणूस मी, चहाला भुललो.

म्हणून मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ सकाळी सातला जा आणि आधी इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर गप्पा मारून परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड असेल तर सेल्फ मारा. ग्लो प्लगवाल्या तीन सिलिंडर इंजिनाला काही सेकंद हीटर द्यावा लागतो, ते चालतं. पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात उचललं पाहिजे. सुरुवातीचा पांढुरका धूर मिनिटभरात जायला हवा. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. काळा फक्त दाब दिल्यावर यावा. मग ऑइल भरायचं झाकण उघडा आणि ब्रीदरवर हात धरा. तिथून इंजिन दमेकऱ्यासारखं फुसफुसत असेल तर रिंगा गेल्यात, ‘हाफ इंजिन’ काम निघणार. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाची साय दिसली तर आणखी काही बघू नका.

तुमचा उमेदवार बागेतला आहे, म्हणून बागेची दुखणी शोधा. फवारणीच्या ट्रॅक्टरचं इंजिन बहुधा चांगलं असतं. त्याला ओढकाम नसतं, आरपीएम एकसारखं असतं. खराब होतं ते बाकीचं. गंधक, मोरचूद, बोर्डो यांनी वायरिंगचे जोड हिरवे पडतात. फ्यूजबॉक्स उघडून बघा. मडगार्ड आतून, सीटखालचा पत्रा, बॅटरीची पेटी, डिझेल टाकीचा तळ इथे बोटाने दाबून बघा, नवा रंग असेल तर जास्त दाबून. रेडिएटरच्या जाळीत गंधकाची भुकटी बसून थर धरतो, ट्रॅक्टर तापतो आणि मालक ‘थर्मोस्टॅट बदलायचाय फक्त’ म्हणतो. पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ब्लोअर फिरवणारा मागचा दांडा, हाताने वर-खाली हलवा. थोडी खेळी चालते, टकटक वाजली तर बेअरिंग गेलं. त्याचे दात बघा, आळीने पोखरल्यासारखे एका बाजूला झिजले असतील तर तो मीटरपेक्षा जास्त फिरलाय.

मीटरचं तर विचारूच नका. केबलवर चालणारं मीटर असेल तर केबल काढली की तास थांबतात, आणि मीटर बदलायला अर्धा तास लागतो. मी ते वाचतच नाही. क्लच-ब्रेकच्या पायट्यावरचं रबर बघतो. रबर गुळगुळीत आणि मीटर अकराशे असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय आणि ते रबर नाही. मागच्या टायरवर चार आकडी तारीख असते, आधी आठवडा मग वर्ष. १४१९ असेल तर २०१९ चा चौदावा आठवडा, म्हणजे कंपनीचेच टायर. त्या टायरवर अर्धी नक्षी शिल्लक असेल तर १,४५० तास पटण्यासारखे आहेत. आणि सरळ विचारा, ‘तुमची बाग किती, भाड्याने मारत होता का?’ मालकाची बाग चार एकर आणि फवारणी घरचीच असेल तर वर्षाला सव्वादोनशे तास बरोबर बसतात. भाड्याने दहा जणांच्या बागा मारत असेल तर मीटरला पुष्पहार घाला.

हायड्रोलिक बघायला जड अवजार हवं. मालकाकडे रोटर असेल तो उचलायला लावा, वर धरून इंजिन बंद करा. चहा होईपर्यंत तो थोडा उतरला तरी चालेल, पण डोळ्यांदेखत खाली येत असेल तर सील किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. चालू इंजिनावर लिफ्ट उचक्या दिल्यासारखी हलत असेल तर तेच. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. त्यात पाणी गेलं की एकाच वेळी दोन्हींचं वाटोळं. डिपस्टिकवर तेल ताकासारखं दिसलं तर समजा. पुढच्या हबचंही तसंच बघा. फोर व्हीलच्या पुढच्या हबचं सील चिखलाने जातं, आत पाणी शिरतं आणि आतले गिअर गंजतात. ते काम महाग आहे. पुढचं चाक जॅकवर उचलून हलवलंत की किंगपिन बुश आणि बेअरिंगची खेळी कळते. दहा मिनिटांचं काम आहे, पण जॅक घेऊन येणारं गिऱ्हाईक मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं पाहिलंय.

आणि हे सगळं करायच्या आधी एक चक्कर पार्टच्या दुकानात मारा. त्या मॉडेलची क्लचप्लेट, हायड्रोलिक पंपाचं सील किट आणि पुढच्या हबचं सील आज कपाटात आहे का, एवढंच विचारा. तिन्ही आहेत म्हणाला तर ट्रॅक्टर बघायला जा. ‘मागवून देतो, आठ दिवस लागतील’ म्हणाला तर तो ट्रॅक्टर कितीही देखणा असू दे, बागाईतदाराने घेऊ नये. हीच कसोटी नव्यालाही लावा. आपल्या भागात शोरूम नवीन, मॉडेल नवीन आणि सर्व्हिसचा माणूस दोन तालुक्यांना एकच असेल, तर नवा असूनही तो तुम्हाला डाऊनीच्या दिवशी उभा करणार. शोरूममध्ये जाऊन ट्रॅक्टर बघू नका, मागच्या वर्कशॉपमध्ये किती उभे आहेत आणि किती दिवस, ते बघा.

एचपीबद्दल फार बोलत नाही, तुमची निवड बरोबर आहे. १५ एचपीचे एक सिलिंडरवाले, महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ सारखे, उसाच्या आंतरमशागतीला आणि भाजीपाल्याला झकास आहेत. पण ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, वर ब्लोअरचं लोखंड, खाली ओली काळी माती, तिथे त्यांना दम लागतो आणि टू व्हील घसरतो. तुमच्या ब्लोअरला २४-२७ एचपी फोर व्हीलच हवा. कुबोटा बी २४४१, महिंद्रा जिवो २४५ या पट्टीतले आपल्याकडच्या बागांत दिसतात ते त्यामुळेच. फक्त बाग मांडवाची असेल तर सायलेन्सर कुठून निघतो आणि ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी मागची कमान घडी होते का, हे आपल्याच बागेत एक ओळ चालवून बघा. सायलेन्सर वर असेल तर काड्या भाजतो.

कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मालक, पासिंगची तारीख, विमा आणि फायनान्सचा बोजा दिसतो. बोजा असेल तर पैसे मालकाच्या हातात देऊ नका. फायनान्सच्या ऑफिसात जाऊन बाकी भरा, ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून येत असेल तर तिथली एनओसी. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा, चिखल खरवडून. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. हे लोक सहसा विसरतात आणि अपघात झाल्यावर आठवतं.

एक सापळा खास छोट्या ट्रॅक्टरांचा आहे. बाजारात फारच स्वस्त आलेला मिनी ट्रॅक्टर कधीकधी बचत गटाच्या योजनेतला असतो. सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी ९० टक्के अनुदानाची, ३ लाख १५ हजारांपर्यंतची मिनी ट्रॅक्टर योजना आहे. असा ट्रॅक्टर ठरलेल्या मुदतीत विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. स्टँपवर लिहून देतो म्हणतील. स्टँपने ट्रॅक्टर नावावर होत नाही. आरसीवर गटाचं नाव दिसलं तर हात जोडा. सीझिंगचा म्हणजे फायनान्सने ओढून आणलेला घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही, कागद सरळ असतात. पण हप्ते थकवणाऱ्याने ऑइल वेळेवर बदललं असेल असं धरू नका, इंजिनाच्या कामाचे पैसे आधीच वजा करून भाव बोला.

तुमच्याबाबत माझं मत असं. आता जून चालू आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी, ऑक्टोबरात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ट्रॅक्टर दारात हवा. आजच महाडीबीटीवर अर्ज टाका. ऑगस्टअखेर पूर्वसंमती आली तर नवा घ्या, डोळे झाकून. नाही आली, आणि भावाची किंवा शेजाऱ्याची सोय असेल, तर जुना घ्या. पण २ लाख ८५ ला नाही, २ लाख ६० च्या वर जाऊ नका. वाचलेल्या पंचवीस हजारांत लगेच सगळी तेलं, फिल्टर, बॅटरी, होज आणि पट्टे बदलून घ्या, चालत असले तरी. अनुदानही नाही आणि अडीनडीला धावणारं कुणीही नाही, अशी वेळ असेल तर हप्ता जड वाटला तरी नवाच.

जुना ठरवण्याआधी शेवटची चाचणी मालकाच्या विहिरीवर करा. तुमचा ब्लोअर पिकअपमध्ये घालून न्या, नुसतं पाणी भरा, पीटीओवर ५४० फेरे ठेवून तासभर मोकळ्या रानात फवारा. तापमानाचा काटा, गरम इंजिनाचा ऑइल प्रेशरचा दिवा, नोझलमधून येणारं धुकं एकसारखं आहे का, ते बघत राहा. मग इंजिन बंद करा, दहा मिनिटं मालकाशी द्राक्षाच्या दरावर बोला आणि पुन्हा सेल्फ मारा. गरम इंजिन लगेच उचललं तर इसाराचे पैसे काढा. घरघर करत राहिलं तर ब्लोअर सोडवा, पिकअपमध्ये चढवा आणि घरी या.